बीव्हर: मोठ्या कुळाच्या उरलेल्या दोन जाती

बीव्हर हा कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या गणातला, कॅस्टोरिडी कुळातला प्राणी. या कुळात आज कॅस्टर ही एकच प्रजाती शिल्लक आहे आणि तिच्यात दोनच जाती आहेत: उत्तर अमेरिकेतला कॅस्टर कॅनडेन्सिस आणि युरोप-आशियातला कॅस्टर फायबर. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे वजन सर्वसाधारणपणे 11 ते 30 किलो भरते. कृंतकांमध्ये त्याच्याहून मोठा प्राणी एकच, दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा. भारतीय उपखंडात जंगली बीव्हर नाही. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे बीव्हर म्हणजे मंगोलिया आणि चीनच्या सरहद्दीवरच्या नद्यांमधले.

बीव्हर म्हटले की लाकडाचे बांध आणि चपटी, खवलेदार शेपूट डोळ्यांसमोर येते. त्याचे कूळ ठरवायचे तर मात्र तोंडात डोकवावे लागते. वर-खाली मिळून त्याला वीस दात असतात. प्रत्येक बाजूला, वर आणि खाली, पटाशीचा एक दात, मग बरीच मोकळी जागा, त्यानंतर एक उपदाढ आणि तीन दाढा. सुळे नाहीत. पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या पुढच्या पृष्ठभागावर एनॅमलचा कठीण थर असतो आणि मागे त्याहून मऊ डेंटिन. मागची बाजू लवकर झिजते, पुढची टिकते, त्यामुळे कुरतडण्यानेच दाताला धार येत राहते. एनॅमलमध्ये लोह असल्यामुळे हे दात नारिंगी दिसतात. ओठ या दातांच्या मागे मिटतात, म्हणून पाण्याखाली तोंडात पाणी न जाता फांदी तोडता येते. मागच्या पायांच्या बोटांना पडदे असतात आणि दुसऱ्या बोटाची नखी दुभागलेली असते. तिचा उपयोग केस विंचरायला होतो. ही नखी पुढे जीवाश्मांच्या संदर्भात पुन्हा भेटेल.

शास्त्रीय वर्गीकरणात बीव्हरचा प्रवेश 1758 साली झाला. कार्ल लिनियसने त्या वर्षी ‘सिस्टेमा नॅच्युरे’च्या दहाव्या आवृत्तीत कॅस्टर फायबर हे नाव दिले. त्याच ग्रंथात त्याने रशियातल्या डेसमन या प्राण्यालाही कॅस्टर प्रजातीतच घातले. डेसमन हा चिचुंद्री आणि मोल यांच्या नात्यातला किडे खाणारा प्राणी, कृंतकांशी त्याचा संबंध नाही. 1766 मध्ये मस्करॅटचीही भर याच प्रजातीत पडली. मस्करॅट कृंतक आहे खरा, पण तो व्होल या छोट्या उंदरांचा भाऊबंद. तिन्ही प्राणी पाण्यात राहतात, तिघांची शेपूट आडवी किंवा उभी चपटी आणि तिघांनाही उग्र वासाच्या ग्रंथी. लिनियसकडे हाताशी असलेली माहिती पाहता त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मात्र राहणीवरून नाते ठरवण्याची ही चूक बीव्हरच्या बाबतीत पुढच्या अडीचशे वर्षांत वेगवेगळ्या रूपांत होत राहिली. अमेरिकी बीव्हरला स्वतंत्र जातीचे नाव 1820 साली हाइनरिश कूल या तरुण जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने दिले. कॅस्टोरिडी हे कुळाचे नावही त्याच वर्षीचे आहे, ते हेम्प्रिख याने दिलेले.

कुळाला नाव मिळाले तरी कृंतकांच्या प्रचंड गणात ते कुठे बसवायचे हा प्रश्न राहिलाच. 1855 मध्ये योहान फ्रीडरिश ब्रांट याने कृंतकांची विभागणी चावण्याच्या स्नायूंवरून केली. गालाच्या हाडापासून खालच्या जबड्याकडे जाणारा मॅसेटर हा स्नायू कृंतकांमध्ये अनेक पदरी असतो आणि त्याचे पदर कवटीवर कुठे चिकटतात यावरून तीन तऱ्हा पडतात. खारीमध्ये बाहेरचा पदर डोळ्याच्या पुढे थेट मुस्कटावर चढतो. साळिंदरात आतला पदर डोळ्याखालच्या मोठ्या भोकातून पुढे निघतो. उंदरात या दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात. बीव्हरचा जबडा पहिल्या तऱ्हेचा. त्यामुळे तो खारीच्या गटात गेला. म्हणजे त्या हिशेबाने आपल्या भीमाशंकरच्या शेकरूचा तो लांबचा नातलग ठरला. हे नाते पाठ्यपुस्तकांत शतकाहून अधिक काळ टिकले.

शंका घेणारे अधूनमधून होतेच. स्नायूची तीच रचना वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे येऊ शकते, कारण कठीण वस्तू कुरतडायची तर पटाशीच्या दातांवर पुढून जोर लावणे सर्वांनाच सोयीचे असते. विसाव्या शतकाच्या शेवटी डीएनएच्या तुलना होऊ लागल्या आणि शंका खरी ठरली. बीव्हर खारीच्या बाजूचा नसून उंदरांच्या बाजूचा निघाला. त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग म्हणजे अमेरिकेतले गोफर आणि कांगारू उंदीर. गोफर जन्मभर जमिनीखाली बोगदे खणतो. कांगारू उंदीर वाळवंटात राहतो आणि पाणी न पिताही नुसत्या कोरड्या बियांवर जगू शकतो. नदीत घर बांधणाऱ्या प्राण्याला असे सोयरे मिळावेत हे विचित्र वाटते, पण हाडे आणि डीएनए यांची साक्ष आता एकत्र मांडता येते. या तिन्ही कुळांचा मिळून कॅस्टोरिमॉर्फा हा उपगण मानला जातो. बीव्हरची शाखा इतर दोघांपासून फार पूर्वी, इओसीन युगातच वेगळी झाली. 2017 साली कॅनडाच्या दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने तिथल्या संशोधकांनी अमेरिकी बीव्हरचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध केला. त्यासाठी रक्त दिले ते टोरोंटोच्या प्राणिसंग्रहालयातल्या वॉर्ड नावाच्या नराने.

कुळाचा जीवाश्मांतला माग उत्तर अमेरिकेत लागतो. इओसीनच्या उत्तरार्धात, सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, तिथे अॅग्नोटोकॅस्टर नावाचा लहानखुरा प्राणी होता. त्याच्या दाढांची उंची कमी, आणि लाकूड तोडण्याची किंवा पोहण्याची खास तयारी त्याच्या हाडांत दिसत नाही. शेजारच्या युटिपोमायिडी या लुप्त कुळाशी त्याचे साम्य आहे. नंतरच्या ऑलिगोसीन युगात बीव्हरचे कूळ आशिया आणि युरोपातही दिसू लागते. आजच्या बेरिंग सामुद्रधुनीच्या जागी तेव्हा जमीन होती आणि त्या वाटेने प्राण्यांची ये-जा चालू होती. पुढच्या काळात कुळाचा पसारा बराच वाढला. आतापर्यंत तीसच्या आसपास लुप्त प्रजातींना नावे दिली गेली आहेत. त्यांतल्या अनेकांचा पाण्याशी संबंधच नव्हता.

या बिगरपाणथळ बीव्हरांपैकी पॅलिओकॅस्टरची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, नायोब्रारा नदीच्या खोऱ्यात, पिवळसर वाळूच्या खडकातून मळसूत्रासारखे पीळ घेत उभे उतरणारे दगडी स्तंभ बाहेर डोकावतात. त्यांची उंची दोन ते तीन मीटरपर्यंत असते. पीळ काहींमध्ये उजवीकडे, काहींमध्ये डावीकडे, पण प्रत्येकात फेरे अगदी एकसारखे. खालच्या टोकाला तिरका चढत जाणारा जाडसर दंडगोल जोडलेला असतो. तिथले गुराखी त्यांना सैतानाचे मळसूत्र म्हणत. नेब्रास्का विद्यापीठातले भूवैज्ञानिक अर्विन बार्बर यांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचे वर्णन केले आणि त्यांना त्याच अर्थाचे डीमोनेलिक्स हे शास्त्रीय नाव दिले. हे गोड्या पाण्यातल्या प्रचंड स्पंजांचे अवशेष असावेत असे बार्बर यांना प्रथम वाटले. नंतर स्तंभांच्या पातळ चकत्यांमध्ये वनस्पतींच्या पेशी दिसल्या, तेव्हा त्यांनी मत बदलले आणि ही एखादी अजब वनस्पती असल्याचे मांडले.

1893 मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे वेगळा अर्थ लावला: फिलाडेल्फियाचे एडवर्ड ड्रिंकर कोप आणि व्हिएन्नाचे थिओडोर फुक्स. त्यांच्या मते हे स्तंभ म्हणजे कृंतकांची बिळे, गाळाने भरून दगड झालेली. बार्बर यांना हे पटले नाही. बिळाच्या टोकाला कृंतकाचा सांगाडा सापडला तरी तो तिथे वाहून आला असेल असे म्हणायला जागा होती. 1905 मध्ये कार्नेगी संग्रहालयाच्या ओलाफ पीटरसन यांनी अशा स्तंभांतून मिळालेल्या बीव्हरच्या सांगाड्यांची नोंद प्रसिद्ध केली आणि बिळाची बाजू भक्कम झाली. वाद खऱ्या अर्थाने मिटला तो 1977 मध्ये. लॅरी मार्टिन आणि डेब बेनेट यांनी बिळांच्या भिंतींवरचे ओरखडे तपासले. ते रुंद, चपटे आणि जोडीजोडीने उमटलेले होते. नखांचे ओरखडे असे पडत नाहीत. पॅलिओकॅस्टरच्या पटाशीच्या दातांशी मात्र ते तंतोतंत जुळले. प्राणी डोके फिरवत, दातांनी माती खरवडत गोल गोल खाली गेला होता. वनस्पतींच्या पेशींचेही उत्तर मिळाले: ओल शोधत झाडोऱ्याची मुळे बिळांच्या भिंतींत शिरली होती आणि तीही सिलिकाने भरून टिकली.

एकेका ठिकाणी अशी पुष्कळ बिळे जवळजवळ सापडतात, तेव्हा हे प्राणी वसाहत करून राहत असणार. काळ सुमारे दोन कोटी वीस लाख वर्षांपूर्वीचा, मायोसीनच्या आरंभीचा, आणि प्रदेश कोरडा, गवताळ. मळसूत्रच का, याचे एक उत्तर असे दिले जाते की खोल वळणदार बिळात तापमान आणि दमटपणा फारसा बदलत नाही. एका बिळात झोडिओलेस्टेस या मांसभक्षकाचा सांगाडा अंगाची गुंडाळी करून पडलेला मिळाला. बीव्हर मारायला तो उतरला होता की रिकामे बीळ बळकावून राहत होता, हे सांगाड्यावरून कळणे कठीण. पॅलिओकॅस्टरचेच काही भाऊबंद जमिनीखालच्या जगण्यात याहूनही पुढे गेले. युहॅप्सिस आणि फॉसरकॅस्टर यांची डोकी रुंद, पसरट झाली आणि ती माती लोटण्याच्या कामी येऊ लागली. ही सारी खणणारी शाखा मायोसीनमध्येच निर्वंश झाली. तिच्यामुळे एक गोष्ट कळते. पटाशीचे मजबूत दात आणि ते चालवणारे जड जबडे हे हत्यार बीव्हरच्या कुळाकडे आधी आले, झाडे पाडण्याचे काम त्यातल्या एका शाखेने नंतर त्यावर लादले.

ती शाखा पाण्याकडे वळली. फ्रान्सच्या अलिए भागात मोंतेग्यू-ल-ब्लां येथे सुमारे दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरांत स्टेनिओफायबरचे अवशेष मिळाले आहेत. त्यात वेगवेगळ्या वयांचे प्राणी एकत्र गाडले गेलेले आहेत, जणू अख्खे कुटुंबच. आजच्या बीव्हरमध्ये नर-मादीची जोडी टिकून राहते, पिल्ले थोडी असतात आणि ती दोनेक वर्षे आईबापांजवळ काढतात. स्टेनिओफायबरच्या वयांची वाटणी याच पद्धतीशी जुळते. आणि त्याच्या मागच्या पायावर विंचरायची ती दुभागलेली नखी आहे. पाण्यात भिजणारी लोकर सतत निगुतीने राखावी लागते, तेव्हा हा प्राणी पोहणारा असणार हे अनुमान वाजवी आहे.

लाकूड तोडण्याचा पुरावा मिळणे जास्त कठीण, कारण लाकूड क्वचितच टिकते. ते टिकले कॅनडाच्या अतिउत्तरेकडच्या एल्समियर बेटावर. आज तिथे झाडाचे नाव नाही. पण सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वी, प्लायोसीनमध्ये, तिथे लार्चचे रान होते आणि रानात दलदलीची तळी. अशा एका तळ्याच्या पीटमध्ये डिपॉइड्स या बीव्हरची हाडे आणि दातांनी तोडलेल्या काठ्या एकत्र सापडल्या. डिपॉइड्स आकाराने आजच्या बीव्हरच्या दोन-तृतीयांश. त्याच्या पटाशीच्या दातांची कड सरळ नसून गोलसर होती, त्यामुळे तेवढीच फांदी तोडायला त्याला जास्त चावे घ्यावे लागत. काठ्यांवरच्या खुणा मोजून हे दाखवले नतालिया रिबचिन्स्की यांनी. त्यांच्या 2007 च्या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष असा की डिपॉइड्सची शाखा आणि आजच्या कॅस्टरची शाखा मायोसीनच्या आरंभापूर्वीच फुटल्या होत्या. पोहणे आणि लाकूड तोडणे दोघांकडेही आहे, तेव्हा ते त्यांच्या समाईक पूर्वजाकडेच, दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, असले पाहिजे. नंतर याच जागेवरच्या हाडांमधल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून डिपॉइड्स झाडांचा भाग आणि पाणवनस्पती दोन्ही खात होता असे दिसले. म्हणजे लाकूड प्रथम खाण्यासाठी तोडले गेले. कडक हिवाळ्यासाठी फांद्या पाण्यात साठवून ठेवण्याची सवय त्यातून लागली असावी आणि अशा साठ्यांतूनच पुढे बांधाची सुरुवात झाली असावी, असा एक तर्क आहे.

डिपॉइड्सच्याच शाखेला पुढे राक्षसी फळ आले. प्लाइस्टोसीन हिमयुगातला कॅस्टोरॉइड्स नाकापासून शेपटीपर्यंत दोन मीटरच्या आसपास भरे आणि त्याचे वजन शंभर किलोच्या घरात असावे. फ्लोरिडापासून युकॉनपर्यंत त्याचे अवशेष मिळतात. 1838 मध्ये जॉन वेल्स फॉस्टर यांनी ओहायोतल्या अवशेषांवरून त्याला नाव दिले. पंधरा सेंटिमीटर लांबीचे त्याचे पटाशीचे दात पाहून हा प्राणी ओकचे बुंधे आडवे करत असेल अशी कल्पना करणे साहजिक होते. पण त्या दातांवर उभ्या खाचा आहेत, टोके बोथट आहेत, लाकूड कापणारी सपाट धार नाही. टेसा प्लिंट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये हाडांतल्या समस्थानिकांवरून दाखवून दिले की तो मुख्यत्वे पाणवनस्पतींवर जगत होता. त्याने बांध घातल्याचाही पुरावा नाही. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हिमयुग ओसरले, हवा कोरडी झाली, पाणथळी आटल्या आणि हा प्राणी संपला. त्याच्या शेजारीच राहणारा लहान बीव्हर मात्र तगला. पाणथळ आटली तर बांध घालून नवी करायची, हे त्याला येत होते. मॅसॅच्युसेट्समधल्या पोकमटक लोकांच्या कथेत डीअरफील्डजवळचा डोंगर हा दगड झालेला महाकाय बीव्हर आहे. हिमयुगातल्या प्राण्याची आठवण त्यात उरली आहे का, हा मोहक प्रश्न आहे. त्याचे उत्तर हाडांतून मिळणारे नाही. युरोप आणि आशियातही ट्रोगोन्थेरियम नावाचा मोठा बीव्हर होता, त्याचे वर्णन 1809 इतके जुने आहे. तोही प्लाइस्टोसीनमध्येच नाहीसा झाला.

उरली ती कॅस्टर प्रजाती. तिचे जुने जीवाश्म युरोप-आशियातले, मायोसीनच्या उत्तरार्धातले. तिथून बेरिंगच्या जमिनीवरून ती अमेरिकेत पोचली. ऑरेगनमध्ये सुमारे सत्तर लाख वर्षांपूर्वीच्या थरांत कॅस्टरचे दात सापडतात. 2011 मध्ये दोन्ही जातींच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएची तुलना झाली. त्यात दोघांची फारकत पंच्याहत्तर लाख वर्षांपूर्वी झाल्याचे निघाले, म्हणजे दगडातला आणि पेशीतला हिशेब जुळला. म्हणजे ज्या कुळाचा उगम अमेरिकेतला, त्याची शेवटची प्रजाती अमेरिकेत परतली ती आशियातून.

इतक्या लांबच्या फारकतीनंतरही दोन्ही जाती वरून पाहता सारख्याच. अमेरिकी बीव्हरची शेपूट थोडी रुंद, युरोपीय बीव्हरची नाकाची हाडे लांब. विसाव्या शतकात बराच काळ अनेक प्राणिशास्त्रज्ञ दोघांना एकच जात मानत. 1973 मध्ये लावरोव आणि ऑर्लोव यांनी गुणसूत्रे मोजली: फायबरमध्ये 48, कॅनडेन्सिसमध्ये 40. जुन्या आठ जोड्या जुळून चार झाल्या, असा या फरकाचा अर्थ लावला जातो. रशियात दोघांचा संकर करून पाहिला गेला, पण जिवंत पिल्लू हाती लागले नाही. आता जनुकीय चाचणीने जात कळते. मैदानात काम करणाऱ्यांकडे त्याहून स्वस्त उपाय आहे. बीव्हरच्या गुदग्रंथींचा स्राव बोटावर घेऊन पाहायचा. नर कॅनडेन्सिसचा स्राव तपकिरी आणि घट्ट, नर फायबरचा फिकट पिवळा आणि पातळ. माद्यांमध्ये घट्ट-पातळचा प्रकार नेमका उलटा.

हा फरक उशिरा कळल्याची किंमत फिनलंडमध्ये दिसते. कातड्यासाठी आणि कॅस्टोरियम या सुगंधी स्रावासाठी झालेल्या शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-आशियात जेमतेम 1,200 बीव्हर उरले होते. हाच स्राव जुंदबेदस्तर या नावाने भारतातल्या युनानी हकिमांच्या औषधांतही होता. फिनलंडमधला बीव्हर तर एकोणिसाव्या शतकातच संपला होता. 1935 मध्ये तिथे नॉर्वेतून बीव्हर आणून सोडले आणि 1937 मध्ये अमेरिकेतून. दोन्ही एकच समजून. अमेरिकी बीव्हर जोमाने वाढले आणि आज फिनलंडच्या मोठ्या भागात परकी जातच नांदते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फ्वेगोमध्ये 1946 साली कॅनडेन्सिसच सोडला गेला. तिथे बीव्हरचे कूळ कधीच नव्हते आणि पाण्यात बुडालेले, पुन्हा न फुटणारे बीचचे वृक्ष हा तिथला आजचा मोठा प्रश्न आहे.

फायबरच्या उपजातींचा वाद वेगळ्याच प्रकारचा. शिकारीतून वाचलेले कळप ऱ्होन, एल्बे, दक्षिण नॉर्वे, बेलारूस, व्होरोनेझ, पश्चिम सायबेरिया, तुवा आणि मंगोलियाच्या सीमाभागात एकमेकांपासून तुटून राहिले. त्यांच्या कवट्यांतल्या फरकांवरून गालिए, अल्बिकस, पोलाय, तुविनिकस, बिरुलाय अशी उपजातींची नावे पडली. 2005 पासूनच्या जनुकीय अभ्यासांत मात्र ढोबळ दोनच गट स्पष्ट दिसले, पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा. शिकारीपूर्वीच्या हाडांतला डीएनए तपासल्यावर आज न उरलेले कित्येक वंशही त्यात आढळले. तेव्हा नावे मिळालेल्या उपजातींमधले बरेचसे फरक मूठभर प्राण्यांपासून कळप वाढल्यामुळे पडलेले असणार. एल्बेचे बीव्हर हॉलंडमध्ये, नॉर्वेचे स्कॉटलंडमध्ये आणि बव्हेरियात तर निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेले एकत्र, अशी पुनर्वसनाची कामे झाल्यामुळे हे कळप आता पुन्हा मिसळू लागले आहेत. काही संवर्धकांना त्याची चिंता वाटते. काहींच्या मते शिकारीमुळे घटलेले जनुकीय वैविध्य भरून काढायचा तोच मार्ग आहे.